यादीत पांढरकवडा सापडत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



पांढरकवड्याचा एखादा शेतकरी पहिल्यांदाच मोबाइलवर आपला सातबारा शोधायला बसला, की त्याची पहिली अडचण वावराची नसते, तालुक्याची असते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. त्या सोळांच्या यादीत पांढरकवडा हे नावच नाही. तहसील कचेरी पांढरकवड्यात, बाजार पांढरकवड्यात, एसटीच्या पाटीवर पांढरकवडा; पण महसुली दप्तरात तालुक्याचं नाव केळापूर. जगदंबेच्या देवळामुळं आपल्याला माहीत असलेलं ते जवळचं केळापूर. ज्याला हे ठाऊक आहे तो बिनघोर केळापूरवर बोट ठेवतो. ज्याला ठाऊक नाही तो यादी वरून खाली वाचतो, मग खालून वर वाचतो, आणि मोबाइल खिशात घालून सेतू केंद्राची वाट धरतो.

झरी जामणीवाल्याची तऱ्हा निराळी. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली असली, की ‘झ’साठी इंग्रजीत ‘झेड’ येतो आणि बिचारी झरी थेट रांगेच्या शेपटाला जाते. त्यात सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर कित्येक वर्षं जिल्ह्याच्याही आधी विभाग निवडावा लागे. आता आमच्या माणसाचं हायकोर्टाचं काम नागपुरात, मोठ्या ऑपरेशनसाठी धाव नागपुरात, लग्नाचा बस्ता नागपुरात. आपण अमरावती विभागात मोडतो हे त्याला कोण सांगणार? ते जमलं तरी गावाच्या नावापुढं ‘बु.’ आणि ‘खु.’ उभे. बुद्रुक म्हणजे फारसीतलं बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. आमच्या घरात हे शब्द बोलण्यात असल्यामुळं मला त्यांची गंमत वाटते, पण यादीत नुसतं एक अक्षर आणि टिंब पाहून थोरलं कुठलं नि धाकटं कुठलं हे कळायला माणूस मुळात त्या गावचाच असावा लागतो. पुढं सर्व्हे नंबर की गट नंबर. शेतकऱ्याच्या डोक्यात वावराला नंबर नसतो. ‘आंब्याचं वावर’, ‘नाल्याकाठचं वावर’, ‘बाबानं घेतलेलं’, अशी त्याची नोंदवही.

यात कोणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. दप्तर ज्यांनी लावलं त्यांनी दप्तराच्या सोयीनं लावलं, आणि ते शंभर-सव्वाशे वर्षं टिकलं. घोटाळा होतो तो दप्तराचा दरवाजा आणि घराचा दरवाजा आपण एकच समजतो तेव्हा. तलाठ्याला जो क्रम सोपा तोच शेतकऱ्याला सोपा असणार, असं गृहीत धरून आपण तो तसाच्या तसा पडद्यावर आणतो.

मी काही संगणकाचा माणूस नव्हे. बी. ए. झालो, कविता लिहितो, लोकांच्या अर्जांची आणि निमंत्रणपत्रिकांची भाषा तपासून देतो. तेवढ्याच कारणानं दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातली चार-पाच मुलं माझ्याकडं आली. कृषी पदवीधर, त्यातली दोघं मुली. कापूस पिकवणाऱ्यांसाठी त्यांना एक संकेतस्थळ काढायचं होतं. मजकूर तयार होता. ‘सर, फक्त शुद्धलेखन बघा,’ म्हणाली.

मी आधी पहिलं पान पाहिलं. वरच्या पट्टीवर ओळीनं लिहिलं होतं: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, ध्येय व उद्दिष्टे, कार्यकारिणी, छायाचित्र दालन, शासकीय योजना, कीटकनाशके, बाजारभाव, संपर्क. शुद्धलेखन अगदी चोख होतं.

ज्ञानकोशकार केतकरांनी आपल्या ज्ञानकोशात ‘अ’ अक्षर येण्याआधी ‘हिंदुस्थान आणि जग’पासून विज्ञानेतिहासापर्यंत पाच प्रस्तावनाखंड घातले होते. ती त्यांची झेप होती आणि तो वाचक ग्रंथ मांडीवर घेऊन बसणारा होता. पण ज्याच्या पऱ्हाटीवर अळी पडली आहे, त्याला कार्यकारिणी ओलांडून अळीकडं जायला लावणं हा निव्वळ हट्ट झाला. मी मुलांना विचारलं, ‘हे पान कोण उघडणार, किती वाजता उघडणार, आणि त्या वेळी त्याच्या हाताला काय लागलेलं असणार?’ त्यांनी वही काढली. शुद्धलेखन तिथंच राहिलं.

संकेतस्थळ बांधण्याआधी त्यात काय ठेवायचं, ते कसं लावायचं आणि आलेल्या माणसाला वाट कशी दाखवायची हे ठरवावं लागतं. त्या कामाला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, ‘इन्फर्मेशन आर्किटेक्चर’. माहितीची वास्तुरचना म्हणा हवं तर. मला मात्र आपला साधा शब्द पुरेसा वाटतो: मांडणी. आपल्या स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी आठवा. रोजची ताटं-वाट्या हाताशी, परात खाली, दिवाळीचा मोठा पितळी डबा सगळ्यात वर. कोणत्याही गृहिणीनं भांडी अकारविल्हे लावलेली मी पाहिली नाहीत, किंवा स्टीलची एकीकडं आणि पितळेची दुसरीकडं अशीही नाहीत. हात किती वेळा कुठं जातो त्यावर तिची मांडणी ठरते. आणि सासू-सुनेची मांडणी वेगळी असली की घरात काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे.

रिचर्ड सॉल वुर्मन नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदानं १९८९ साली एका पुस्तकात म्हटलं, की माहिती टांगायला खुंट्या पाचच आहेत: ठिकाण, अक्षरक्रम, काळ, प्रकार आणि लहानमोठेपणाची उतरंड. आपल्याकडं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी तर १९३१ सालीच ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. वाचकाचा वेळ वाचवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य, हे त्यांतल्याच एकाचं सार. ब्रिटिश सरकारनं २०१२ मध्ये आपली विखुरलेली संकेतस्थळं एका छताखाली आणायला सुरुवात केली, तेव्हा कोणतं खातं काय करतं यापेक्षा नागरिक काय करायला आला आहे यावरून पानं लावायची असं ठरवलं. हे सगळं मुलांना मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. पण आपल्या पऱ्हाटीसाठी खुंटी कोणती, हे लंडनला विचारून कळणार नव्हतं.

मग आम्ही एक उद्योग केला. उन्हाळ्यात घरोघर लग्नपत्रिकांचा ढीग साचतो. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या केल्या. मुलं कृषी सेवा केंद्राच्या दुकानांसमोर, बाजारात, चहाच्या टपरीवर बसली आणि लोक जे विचारत होते ते जसंच्या तसं लिहून आणलं. ‘बियाण्याचं पाकीट खरं का खोटं कसं वळखावं?’ ‘इम्याचा पैसा आला नाही तं कोनाले इचारावं?’ ‘कापूस ओला हाय म्हणून भाव पाडला तं?’ ‘दोन औषधं एकत्र चालतेत काय?’ ‘बाप वारला, फेरफार कधी होते?’ साठेक चिठ्ठ्या झाल्या. मग एका गावात देवळाच्या ओट्यावर त्या पसरल्या आणि लोकांना सांगितलं, ज्या चिठ्ठ्या तुम्हाला एकमेकींच्या सोयऱ्या वाटतात त्यांचे ढीग करा. बाकी काही सांगितलं नाही.

पुरुषांनी पाच ढीग केले: तलाठी, बँक, दुकान, बाजार, दवाखाना. कुठल्या कामाला कुठं जावं लागतं, त्याप्रमाणं. वुर्मनच्या भाषेत ही ठिकाणाची खुंटी. संध्याकाळी बायकांनी त्याच चिठ्ठ्या घेतल्या आणि ढीग मोडून टाकले. त्यांनी लावलं ते असं: मिरगाच्या आधी, निंदण-डवरणीचे दिवस, फवारणीचे दिवस, वेचणी, आणि कापूस विकून झाल्यावर. तलाठी आणि बँक दोन-तीन ढिगांत विभागून गेले, कारण पीककर्जाला बँकेत जाणं वेगळं आणि विम्यासाठी जाणं वेगळं. आमच्या मुलांच्या वरच्या पट्टीतला एकही शब्द कोणाच्याही ढिगाला नाव म्हणून आला नाही.

बायकांची मांडणी मला बिनतोड वाटली, कारण शेतकऱ्याला प्रश्न पडतात तेच मुळी काळाच्या ओघात. जूनमध्ये त्याला कापसातल्या ओलाव्याशी देणंघेणं नसतं. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव आणि बारा टक्क्यांच्या पुढं खरेदीच नाही, हे त्याला दिवाळीच्या आसपास हवं असतं, गाडी भरण्याच्या आदल्या दिवशी. म्हणून ठरलं, की पहिल्या पानावर सध्या जे दिवस चालू आहेत तेवढंच मोठ्या अक्षरांत दिसावं, पंचांगासारखं. त्याच्या खाली पुरुषांचे पाच ढीग, कारण ‘उद्या बँकेत जायचंय’ म्हणून येणाराही माणूस आहेच. ‘आमच्याविषयी’ सगळ्यात तळाशी गेलं. मुलांच्या चेहऱ्यावर थोडं दुःख दिसलं, छायाचित्रं चांगली काढली होती.

मग खरी झटापट झाली ती एका शब्दावरून. पट्टीवर ‘कीटकनाशके’ होतं. आमच्या साठ चिठ्ठ्यांत हा शब्द एकदाही नव्हता. सगळे म्हणतात ‘औषध’. दुकानदार म्हणतो औषध, घरात म्हणतात औषध, कोपऱ्यात बाटली ठेवतात ती औषधाची. म्हणजे वाट सापडायची तर पाटीवर ‘औषध’ लिहायला हवं. पण श्रोतेहो, मी शब्दांचं काम करणारा माणूस आहे. हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला. जे अंगावर पडलं तर माणूस मरतो, त्याला औषध म्हणणं हे त्या बाटलीचं निम्मं संकट आहे. ज्वराला औषध, खोकल्याला औषध, अळीला औषध! मग हातमोजे कशाला आणि तोंडाला फडकं कशाला?

२०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करताना शेकडो माणसं विषबाधेनं आजारी पडली, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले, आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती. फवारा वरून अंगावर पडत होता. हवा दमट आणि तापलेली. बोंडअळी हटेना म्हणून दोन-दोन, तीन-तीन रसायनं एकत्र केली जात होती. शासनानं चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. माहिती नव्हती असं मात्र नाही. प्रत्येक बाटलीबरोबर घडीचं पत्रक असतंच. मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, चार बोटांच्या कागदावर, अनेक भाषांत. विषबाधा झाली तर काय करावं, हे त्यातही लिहिलेलं असतं. कुठल्या तरी घडीत. मजकूर आहे आणि मांडणी नाही, तर काय होतं याचं याहून कडू उदाहरण मला ठाऊक नाही.

त्याच बाटलीवर एक गोष्ट मात्र शहाण्या माणसानं केलेली आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लेबलवर एक तिरपा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. वाचता न येणाऱ्यालाही कळावी अशी ही वाट. अडचण एवढीच, की हिरवा म्हणजे ‘चांगलं, पिकाला पोषक’ असं आमच्या ओट्यावरच्या दोघांना वाटत होतं. म्हणजे खुणेलासुद्धा कोणीतरी एकदा तोंडानं सांगावं लागतं.

शेवटी आम्ही तडजोड केली. पाटीवर ‘फवारणीचं औषध’, कारण लोक त्याच नावानं येणार. आत शिरताच पहिल्या ओळीपासून शब्द ‘विष’. सबंध पानावर ‘औषध’ पुन्हा नाही. आणि सगळ्या ऋतूंत, सगळ्या पानांच्या माथ्यावर एकच लाल पट्टी: ‘विष अंगावर सांडलं? चक्कर आली?’ त्या पट्टीवर बोट ठेवलं की मधे काहीही न विचारता थेट सहा ओळी. मुलांनी आधी तिथं सेंद्रिय फॉस्फरस संयुगांवर एक परिच्छेद लिहिला होता, चांगला होता, मी तो खाली ढकलला. आता ओळी अशा आहेत: फवारणी थांबवा. माणसाला वावराबाहेर मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे काढा. साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा. एकशे आठला फोन करा. विषाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. बाटली कशासाठी, तर प्रत्येक विषाला उतारा एक नसतो. ॲट्रोपिन काही विषांवर चालतं, सगळ्यांवर नाही, आणि डॉक्टरला आधी नाव कळावं लागतं. या सहा ओळी एका डॉक्टरांकडून तपासून घेतल्या. त्यांनी सातवी घालायला लावली: मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका.

या ओळी कशा लिहायच्या याबद्दल मी एकच कसोटी धरली, ती या आकाशवाणीनं शिकवलेली. वाक्य मोठ्यानं वाचून पाहायचं. कारण खेड्यात मोबाइल बाप वाचत नाही. नववीतली मुलगी वाचते आणि बाप ऐकतो. तिला ज्या वाक्यात मधेच श्वास घ्यावा लागेल ते वाक्य मोडायचं.

काय लिहायचं याइतकंच काय विचारायचं नाही हेही मांडणीतच येतं. २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीत शेतकऱ्याला सबंध कुटुंबाची माहिती, आधार क्रमांक, खात्यांचे तपशील भरून ऑनलाइन अर्ज करावा लागला. केंद्रांवर रात्रीच्या रांगा लागल्या. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या दुसऱ्या कर्जमाफीत अर्जच नव्हता. बँकांकडून याद्या घेतल्या, त्या लावल्या, शेतकऱ्यानं जाऊन आपलं नाव पाहून अंगठा दिला. दोन्ही योजनांच्या राजकारणात मला पडायचं नाही. पण जी माहिती आधीच बँकेत आहे ती पुन्हा शेतकऱ्याकडून भरून घ्यायची नाही, हे ज्यानं ठरवलं त्यानं माणसांचे किती दिवस वाचवले असतील!

शोधायच्या चौकटीचंही असंच. मुलांना वाटत होतं, चौकट दिली की काम झालं, ज्याला जे हवं ते तो लिहील. मी त्यांना आमच्या भागातल्या याद्या दाखवल्या. वऱ्हाडात आम्हा मंडळींची नावं ‘शे. रहीम शे. करीम’ अशी लिहितात, ‘शे.’ म्हणजे शेख, ‘अ.’ म्हणजे अब्दुल, ‘सै.’ म्हणजे सय्यद. कोणी चौकटीत ‘शेख’ लिहिलं तर टिंबवाला ‘शे.’ सापडत नाही, आणि इंग्रजीत लिहायचं तर शेखची स्पेलिंगं तीन-चार तरी प्रचलित आहेत. तसंच ‘इमा’ आणि ‘विमा’, ‘पऱ्हाटी’ आणि ‘कपाशी’, ‘वावर’ आणि ‘शेत’. म्हणून एका वहीत जोड्या लिहायला घेतल्या: लोक हे लिहितील, त्यांना ते दाखवा. आतापर्यंत साडेतीनशे जोड्या झाल्या. कवी म्हणून केलेल्या कामांत हे मला कमी प्रतीचं वाटत नाही.

एक गोष्ट अजून अडलेली आहे, ती तारखेची. एन्डोसल्फान आपल्याकडं कापसावर सर्रास मारलं जाई. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली. २०१० मध्ये कोणी एखादं पान लिहून ठेवलं असेल, तर तो सल्ला तिथं आजही तसाच असू शकतो, आणि वाचणाऱ्याला तो आजचाच वाटणार. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं, त्याच्यावर भजी येतात. पडद्यावरचं पान पिवळं पडत नाही. म्हणून प्रत्येक पानावर तारीख, आणि हे पान पुन्हा कोण तपासणार त्याचं नाव, असं मी म्हणतो. तारीख सगळ्यांनी मान्य केली. नाव द्यायला मुलं कचरतात, कारण त्यातली दोघं नोकरीच्या शोधात आहेत आणि एकीचं लग्न ठरतंय.

ढीग लावायच्या त्या संध्याकाळी एक चिठ्ठी उरली होती. कोणत्याच ढिगात बसेना. एक बाई दुपारपासून कडेला बसून होती, रोजंदारीनं निंदायला जाणारी. तिनं विचारलं ते आमच्यातल्या मुलीनं लिहून घेतलं होतं: ‘दुसऱ्याच्या वावरात फवाराले गेला आन् पडला, तं त्याच्या घरच्याले काय भेटते?’ पुरुष म्हणाले दवाखान्यात टाका, बायका म्हणाल्या फवारणीत टाका. ती म्हणाली, तो दवाखान्यात पोचल्यावरचं विचारून राहिली मी.

शेतकरी अपघाताच्या सरकारी योजनेत मृत्यूला दोन लाखांची मदत आहे. पण ती ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला, आणि २०१९ पासून त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका व्यक्तीला. पंप पाठीवर घेऊन दुसऱ्याच्या वावरात उतरलेल्या मजुराच्या नावावर ना वावर ना नंबर. आमच्या संकेतस्थळाच्या माथ्यावर ‘शेतकऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं होतं. ती पाटी त्या रात्री मुलांनी पुसली आणि ‘कापसात राबणाऱ्यांसाठी’ अशी केली. मजुरांसाठी सहावा ढीग केला. त्या पानावर सध्या चारच ओळी आहेत: पोलिसांत नोंद कशी करायची, दवाखान्याचा कोणता कागद जपून ठेवायचा, ज्याच्या वावरात काम केलं त्याचं नाव, दिवस आणि मजुरी कुठं लिहून ठेवायची, आणि कामगार कार्यालयात कोणाला भेटायचं. पाचवी ओळ, ‘काय भेटते’ याची, लिहायला मुली पुढच्या आठवड्यात एका वकिलांना भेटणार आहेत.